सदा-बुधाची बेडफोर्ड

चौल,
२ ऑक्टोबर २०२३

सदास बुधाजीचा रामराम.

फोनवर मला आता नुसती खरखर ऐकू येते, म्हणून लिहितोय. समोर बसून कुणी मोठ्यानं बोललं तर कळतं. अलिबागचा डॉक्टर म्हणाला, आजोबा, तुमचे कान त्या लॉरीच्या इंजिनानं खाल्ले. मी म्हटलं, खाऊ दे, तिनं पोटही भरलंय आमचं.

आपली बेडफोर्ड अजून मागच्या अंगणात उभी आहे. टायर बसलेत, हौद्याच्या फळ्या कुजल्यात, पण नाक अजून तसंच गोल. हल्ली नागावचा शुभम म्हणून एकजण तिला बघायला येतो. पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या त्याच्या खोल्या आहेत, पण जीव सगळा जुन्या विलायती लॉऱ्यांत. त्याच्यासारख्या दहा-पंधरा वेड्यांचा एक गट आहे. रविवारी येतात, लॉरीखाली झोपून फोटो काढतात, दिवे मूळचे की मागून बसवलेले यावर भांडतात. हे नाक कुठल्या साली निघालं ते त्याला माहीत, पण सुपारीची पोती भरल्यावर ती खिंडीत कशी कण्हायची ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. ते त्याला आपल्याकडून ऐकायचंय. आपल्यासारख्या जुन्या ड्रायव्हरांच्या आठवणी तो जमवतोय.

आणि त्याला लॉरी पण हवी आहे. नीट करून चालती ठेवीन म्हणतो. मी सांगितलं, लॉरी दोघांची आहे. कागदावर नाव माझं असलं तरी सदाच्या शब्दाशिवाय मी खिळासुद्धा हलवणार नाही.

तर तू मला लिही. पहिली खेप कसली होती? ब्रेक गेला तेव्हा आपण काय भरलं होतं? माझ्या डोक्यात सगळ्या खेपा एकात एक मिसळल्यात. तुझं तसं नाही, तुला पंक्चर कुठल्या वळणावर झालं तेही आठवतं. घरात मनू होती तोवर ती विषय काढायची नि मला आठवायचं. तिला खांदा द्यायला तू आला होतास, त्याला आता दोन वर्षं झाली. त्यानंतर आपली भेट नाही.

नूतनला नि जावयांना आशीर्वाद.

तुझा,
बुधा

* * *

चिंचवड,
१९ ऑक्टोबर २०२३

बुधाजीस सदाचा जय भीम.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी घरात नव्हतो, पेण-पनवेल रस्त्यावर होतो.

पहिली खेप नारळाची. पनवेलच्या भातगिरणीवाल्याकडून आपण लॉरी आणली त्याच आठवड्यात चौलच्या वाडीतून भरली. तू ड्रायव्हर, मी क्लिनर. हँडल मारून मारून माझे हात सुजले नि तू केबिनमधून म्हणालास, आता जरा गोडीनं मार. गोडीनं मारलं तर सुरू झाली. कार्ले खिंडीत ती तापली. मी लाकडाचा ठोकळा घेऊन मागं धावत होतो. ती थांबली की चाकाखाली ठोकळा, निघाली की उचलून पुन्हा धाव. खिंडीच्या माथ्यावर तू उतरलास, स्वतःचा सदरा काढून मला दिलास, कारण माझा घामानं चिकटून फाटला होता.

ब्रेक गेला तेव्हा मीठ होतं. पेणच्या आगरातलं. उतारावर तुझं पाऊल खालपर्यंत गेलं नि लॉरी थांबेना. तू ओरडला नाहीस. मला म्हणालास, सदा, घट्ट धर, मी हिला डोंगराला टेकवतो. नि खरंच टेकवलीस, जशी म्हशीला भिंतीकडे सारतात तशी. हौद्याचा मागचा फाळका तुटला, अर्धं मीठ रस्त्यावर. गावची गुरं येऊन चाटत बसली नि आपण दोघं हसत बसलो, कारण जिवंत होतो.

तुझ्या शुभमला सांग, बेडफोर्डचा गियर मागून मिळत नाही. क्लच दाबा, सोडा, इंजिनाचा आवाज ऐका, मग पुन्हा दाबा. तो आवाज एका जागी येतो तेव्हा गियर आपोआप पडतो. मला हे तू शिकवलंस. दांड्यावर माझा हात नि माझ्या हातावर तुझा.

लॉरी द्यायची की नाही ते मागाहून बोलू. आधी मला एकदा तिच्यात बसू दे.

हे पत्र लिहायला बरेच दिवस लागले. नूतन म्हणते, अप्पा, तुम्ही एकच ओळ दोनदा लिहिता. डोळ्यांचं काम आहे, दुसरं काय.

तुझा,
सदा

* * *

चौल,
३ नोव्हेंबर २०२३

सदास रामराम.

तुझं पत्र शुभमला वाचायला दिलं. त्यानं वाचून संपवलं नि लॉरीकडं जाऊन नुसता उभा राहिला. मग मला विचारलं, हे काका कधी येतील? मी म्हटलं, भात झोडून झालं की बोलावतो. गटातल्या लोकांनी इंजिन खोललंय. आतून अजून चांगलं आहे म्हणतात.

आणखी लिही. तू लिहिलंस की मला सगळं दिसतं. रेवदंड्याच्या सुक्या मासळीच्या खेपा कशा सुरू झाल्या ते सांग.

बुधा

* * *

चिंचवड,
१० डिसेंबर २०२३

बुधास,

उद्याची खेप आहे का? ताडपत्री फाटली आहे, पेणला बघून घे. दोर पण नवा लागेल.

मनुवहिनीला सांग, सुकटीचं कालवण बरेच दिवसांत मिळालं नाही. माझा डबा तुझ्याबरोबरच दे म्हणावं. वहिनी रागावल्यात का? मी गेल्या वेळी आलो तेव्हा आतून बाहेर आल्या नाहीत.

ताडपत्री फाटली आहे, पेणला बघून घे.

सदा

* * *

चौल,
२१ डिसेंबर २०२३

सदा,

चेष्टा कशाची करावी याला काही माप असतं. मनू बाहेर आली नाही म्हणतोस. तू गेल्या वेळी आलास तेव्हा ती ओटीवर पांढऱ्या कापडात होती नि तू माझ्या शेजारी उभा होतास. स्मशानात मला धरून तूच बसला होतास.

तू आयुष्यभर माझी थट्टा केलीस, मी कधी मनावर घेतली नाही. पण ही लागली. सूनबाईनं विचारलं, बाबा, जेवत का नाही? तिला काय सांगू?

लॉरी मी देऊ नये असं तुझ्या मनात असेल तर सरळ लिही. खेपेच्या नि ताडपत्रीच्या आडून बोलू नको.

बुधाजी

* * *

चिंचवड,
२ जानेवारी २०२४

आदरणीय बुधाजीकाकांना नूतनचा सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मी अप्पांना दिलेलं नाही. मला क्षमा करा, मी ते उघडून वाचलं.

काका, ती चेष्टा नव्हती. वर्षभरापासून अप्पा विसरू लागलेत. आधी चष्मा, मग दूधवाल्याचं नाव, मग एकदा आमच्याच गल्लीत घर सापडेना. डॉक्टरांनी मेंदूच्या फोटोवरून सांगितलं की हा आजार मागं फिरत नाही, थोडा सावकाश केला तर नशीब. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा त्यांचे बरे दिवस होते. उत्तर लिहायला ते दोन आठवडे रोज सकाळी टेबलाशी बसायचे, लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. ते पाहून मला वाटलं, अप्पा परत आले. म्हणूनच तुम्हाला काही कळवलं नाही. तुमच्याशी पत्रात तरी ते पूर्वीसारखे राहू देत, असं मला वाटत होतं.

आता ते मला कधी ओळखतात, कधी बाई म्हणतात. मी शाळेत शिकवून घरी आले की विचारतात, बाई, बुधा आला होता का? जेवताना अर्धी भाकरी बाजूला काढून ठेवतात, तुमच्यासाठी. मनुकाकी गेल्या हे मी एकदा त्यांना सांगितलं. ते ऐकून ते इतके रडले, जणू आत्ताच गेल्या. तासाभरानं पुन्हा विचारलं, वहिनी कशा आहेत? तेव्हापासून मी सांगते, बऱ्या आहेत.

तुम्हाला दुखावलं गेलं याचं फार वाईट वाटतं.

आपली,
नूतन

* * *

चौल,
९ जानेवारी २०२४

नूतन बायला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी लॉरीच्या पायरीवर बसून वाचलं. रागात जे लिहिलं ते फाडून टाक.

इतकी वर्षं एका केबिनमध्ये बसलो नि मला हे कळू नये. ताडपत्रीचं वाचलं तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. तू स्वतःला बोल लावू नको. तू बापाला झाकलंस, त्यात काय चुकलं?

त्याला इकडं घेऊन ये, बाय. पहिल्या पत्रात त्यानं लिहिलं होतं, मला एकदा तिच्यात बसू दे. आपण उशीर करायला नको. शुभमला सांगितलंय, तो नि त्याचे लोक इंजिन सुरू होईल असं बघतायत. लॉरी जागची हलणार नाही, चाकं फिरवणारा दांडा काढून चाकांना लाकूड लावून ठेवू. भीतीचं काही नाही.

मला बघून त्याला सगळं आठवेल असं माझं मन सांगतं.

बुधाजीकाका

* * *

चौल,
३० जानेवारी २०२४

नूतन बायला अनेक आशीर्वाद.

तुम्ही नीट पोचलात हे सूनबाईच्या फोनवरून कळलं. तू अंगणात आंब्याखाली उभी होतीस, इंजिनाच्या आवाजात तुला आतलं काही ऐकू आलं नसणार. निघताना तू विचारलंस, अप्पा काय बोलत होते? तेव्हा मला सांगता आलं नाही. आता सांगतो.

गाडीतून उतरल्यावर त्यानं मला बघून हात जोडले ते तू बघितलंस. नमस्कार, म्हणाला, जसा परक्या माणसाला करतात. मला वाटलं, दमलाय, जरा वेळानं ओळखेल. मग शुभमनं त्याला धरून केबिनमध्ये चढवलं, तर पाय आपोआप पायरीवर पडला. मी दुसऱ्या बाजूनं चढलो. इंजिन सुरू झालं तसा तो ताठ बसला. क्लच दाबला, सोडला, मान वाकडी करून ऐकलं, पुन्हा दाबला नि गियर टाकला. एवढासुद्धा आवाज नाही. बाहेर शुभमचे लोक टाळ्या वाजवायला लागले, त्याचं तिकडं लक्षच नव्हतं.

केबिनमध्ये तो पूर्वीसारखा मोठ्यानं बोलायला लागला, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

मला म्हणाला, "पाव्हणं, तुम्ही कुठं उतरणार?"

माझ्या तोंडून निघालं, पेणला. म्हणाला, सोडतो. मग वाटेत पोयनाड लागलं, वडखळ लागलं, तो हात करून दाखवत होता. मी हो हो म्हणत होतो. समोर आमच्या न्हाणीची भिंत होती.

मी विचारलं, लॉरी तुमची का? तर म्हणाला, लॉरी बुधाची. मी त्याच्या संगं असतो. बुधा कसा आहे, मी विचारलं. मी तसं का विचारलं ते माझं मला ठाऊक नाही. बाय, मग त्यानं मला एक गोष्ट सांगितली.

आमच्या ऐन उमेदीतली. एका बागाईतदाराच्या वाडीवर आम्ही सुपारी भरायला गेलो होतो. त्या घरच्यांनी मला तांब्या दिला नि तुझ्या बापाला अंगणाच्या कडेला उभं करून ओंजळीत वरून पाणी ओतलं. मी तो तांब्या खाली ठेवला. पोती चाचपली नि सांगितलं, माल ओला आहे, आम्ही नेणार नाही. रिकामी लॉरी घेऊन परत आलो. वाटेत सदालाही तेच सांगितलं, माल ओला होता. त्याला वाटू नये की त्याच्यामुळं खेप बुडाली. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की त्याला खरं कळलं नाही.

परवा तो मला सांगत होता, "सुपारी कडकडीत वाळलेली. पोती मी आधीच बघितली होती. बुधाला वाटलं, मला कळलं न्हाय."

मी म्हटलं, मग तुम्ही त्याला कधी विचारलं नाहीत?

"काय इचारायचं? माझ्यासाठी खोटं बोलला. बोलू दिला."

थोड्या वेळानं आपणहून म्हणाला, त्यानंतर पेणच्या एकानं नवी गाडी देतो म्हणून बोलावलं होतं, मी गेलो न्हाय. हेही मला ठाऊक नव्हतं, बाय. मी विचारलं, बुधाला हे सांगितलंत का? तो हसला. म्हणाला, रोज शेजारी बसणाऱ्या माणसाला असलं कुणी सांगतं का? आज येईल तवा सांगीन.

मग त्यानं आरशात बघितलं, मागं बघितलं नि विचारलं, बुधा अजून आला कसा न्हाय? माझ्या जिभेवर आलं होतं की मीच बुधा. पण त्याच्या डोळ्यांत माझ्यासाठी ओळखीचं काहीच नव्हतं नि बुधासाठी सगळं होतं. मी म्हटलं, येतोय, घरी डबा घ्यायला गेलाय. म्हणाला, व्हय, वहिनी दोन डबे देतात, दोन्ही सारखे. मनुवहिनी कशा हायत, तुम्ही बघितलंत का त्यांना? मी म्हटलं, आत्ताच बघून आलो, चुलीपुढं बसल्यात. एवढ्या वेळापुरती माझीही बायको घरात होती.

डिझेल संपत आलं नि इंजिन थांबलं. तो म्हणाला, पेण आलं. मी उतरलो.

लॉरीचं काय करायचं ते त्याला विचारायचं राहून गेलं. आता विचारायची गरज वाटत नाही.

बुधाजीकाका

* * *

चिंचवड,
१६ फेब्रुवारी २०२४

आदरणीय काकांना नमस्कार.

तुमचं पत्र मी शाळेत वाचलं नि तास दुसऱ्या बाईंना घ्यायला सांगितला. अप्पांना कुणी वरून पाणी दिलं होतं हे त्यांनी मला कधीही सांगितलं नव्हतं. लॉरीच्या किती गोष्टी सांगायचे, पण त्यांत नेहमी हसणंच असायचं.

घरी येऊन ते पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, हे कुणी लिहिलंय? मी म्हटलं, तुमच्या एका मित्रानं. म्हणाले, माणूस चांगला दिसतो, बुधाला ओळखतो.

मग मी तुम्हा दोघांचा तो लॉरीसमोरचा फोटो काढला. त्यांनी तुमच्यावर बोट ठेवलं. हा बुधा. एका क्षणात ओळखलं, काका. ते शोधतायत तो त्या फोटोतला, काळ्या केसांचा. तुम्ही त्यांच्या शेजारी बसला होतात नि तरी ते तुमचीच वाट बघत होते, हे मी कसं सहन करायचं ते मला समजत नाही. तुमचं काय झालं असेल त्याचा तर विचारच करवत नाही.

चौलहून आल्यापासून ते रोज सकाळी खाकी सदरा घालून सोसायटीच्या फाटकाशी उभे राहतात. बुधा लॉरी घेऊन येणार आहे म्हणतात. वॉचमन तुळशीराम त्यांना खुर्ची देतो, ते बसत नाहीत. खाणं कमी झालंय, वजन उतरलंय. डॉक्टर म्हणतात, आता फार काळ धरून चालू नका.

तुम्ही मागच्या आठवड्यात सूनबाईंकडून निरोप दिलात की तुम्ही इकडे यायचं म्हणताय. काका, मनापासून सांगते, येऊ नका. ते तुम्हाला ओळखणार नाहीत. रोज नव्यानं हात जोडतील. मला जेवढं लागतं त्याहून ते तुम्हाला जास्त लागेल.

आपली,
नूतन

* * *

चौल,
२३ फेब्रुवारी २०२४

नूतन बायला अनेक आशीर्वाद.

काल बेडफोर्ड गेली. शुभमनं मोठी गाडी आणली होती, तिच्यावर दोरखंडांनी चढवली. दोर त्याच्या लोकांनी बांधले, मी नुसता बघत होतो. तो म्हणाला, काका, नागावपर्यंत पुढं बसा. मी नको म्हटलं. रस्त्याच्या वळणावर ती दिसेनाशी झाली नि सूनबाई चहा घेऊन आली. अंगणात जिथं ती उभी होती तिथं गवत उगवलेलं नाही, नुसती तेलकट माती आहे. शुभम तिला चांगलं ठेवील. त्याच्याविषयी माझ्या मनात काही नाही. पण ज्यानं माझ्याबरोबर ती चालवली तो तिकडं फाटकाशी उभा असताना मी इथं तिला राखत बसून काय करू?

तू येऊ नका म्हणतेस ते मायेनं म्हणतेस, ते मला कळतं. पण मी सोमवारी, ४ मार्चच्या एसटीनं येतोय. अलिबागहून पुण्याची गाडी आहे, सूनबाई बसवून देईल. तू स्टॅंडवर आलीस तर बरं, ऐकू येत नाही म्हणून चुकायला होतं.

तो ओळखेल या आशेनं मी येत नाही, बाय. ती आशा मी केबिनमधून उतरलो तेव्हाच सोडली. त्या रात्री मी रडलो. तुला खोटं कशाला सांगू? मनू गेली तेव्हा मला धरायला सदा होता. आता सदा जातोय नि मला धरायला कुणी नाही. हे मला कुणाला सांगता येत नव्हतं, तुला सांगितलं.

त्याला माझं नाव सांगू नको. तो हात जोडील, मीही जोडीन. मी त्याच्याबरोबर फाटकाशी उभा राहीन. मी असलो तर कदाचित तो खुर्चीवर बसेल. भाकरीचा जो अर्धा तुकडा तो बाजूला ठेवतो तो मी खाईन, म्हणजे त्याला वाटेल, बुधा जेवून गेला.

आणि मी त्याला रोज विचारीन, बुधा कसा होता? त्याला सांगायला आवडतं नि मला ऐकायचंय. इथं मी नुसता ऐकू न येणारा म्हातारा आहे. बुधाला ओळखणारा माणूस आता जगात तो एकच उरलाय.

तुझा,
बुधाजीकाका